देवबागला समुद्रकाठच्या बंगल्यात चार रात्री : सोलापूरहून जाणाऱ्यांनी आसपास काय पाहावे आणि कधी पाहावे?

माळावरची

सर्वांना नमस्कार. कार्तिकी एकादशी आटोपली की दुसऱ्याच दिवशी आम्ही घरातील नऊ माणसे मालवणजवळच्या देवबागला निघणार आहोत. तेथे समुद्राच्या काठावर एक बंगला चार रात्रींसाठी, म्हणजे कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत, ठरवला आहे. सोबत सासूबाई, सासरे, दीर, जाऊबाई आणि सहा, दहा व तेरा वर्षांची तीन मुले आहेत. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना पायऱ्या फार चढवत नाहीत. घरात सगळे शाकाहारी आहेत. सासूबाईंनी आजवर समुद्र पाहिलेला नाही. त्यांनी पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे उजनीचे. त्यांचा हा पहिला समुद्र नीट, निवांत पाहून व्हावा ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

अडचण अशी की नात्यातल्या प्रत्येकाने दोन-तीन ठिकाणे सुचवली आणि यादी आता विसाच्या पुढे गेली आहे. तिच्यात सिंधुदुर्ग किल्ला, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, तेरेखोल, रेडीचा गणपती, वेंगुर्ला, सावंतवाडी आणि आंबोली आहेच, शिवाय स्कूबा, डॉल्फिन आणि सुनामी बेटही आहे. हाती तीन पूर्ण दिवस आहेत. त्यांत यातले काय ठेवावे, काय सोडावे आणि कोणत्या वेळी काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सीनाकाठ

ताई, आधी रस्त्याचे सांगतो. देवबाग आपल्यापासून सुमारे चारशे किलोमीटर आहे आणि घाट व कोकणातले वळणांचे रस्ते धरले, तर वृद्ध आणि मुले घेऊन थांबत थांबत जाणाऱ्या कुटुंबाला दहा तास सहज लागतात. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर हा महामार्ग सरळ आहे. कोल्हापुरानंतर राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटाने उतरावे आणि कणकवलीवरून मालवण गाठावे. द्वादशीला पंढरपुराहून परतणाऱ्या वारकऱ्यांच्या गाड्या सगळ्या रस्त्यांवर असतात, म्हणून पंढरपूर टाळून पहाटे चारलाच सोलापूर सोडावे, म्हणजे घाट दिवसाउजेडी उतरता येईल.

यादीबद्दल माझे स्पष्ट मत असे आहे की विजयदुर्ग आणि तेरेखोल ही दोन्ही नावे आजच खोडावीत. विजयदुर्ग सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे आणि तेरेखोल दक्षिण टोकापलीकडे, गोव्याच्या हद्दीत. दोन्ही ठिकाणे पाहण्यासारखी आहेत यात शंका नाही, पण देवबागहून प्रत्येकाला जाऊन येण्यात अख्खा दिवस खर्ची पडतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही तारकर्लीला राहून रोज चार-पाच ठिकाणे केली. मुले गाडीत झोपत होती, आई कंटाळली होती, आणि ज्या किनाऱ्यासाठी आम्ही समुद्रासमोरच्या घराचे जास्तीचे पैसे मोजले होते तो आम्ही दिवसाच्या उजेडात जेमतेम दोनदा पाहिला. ती चूक तुम्ही करू नये, म्हणून हे लिहिले.

कर्लीकाठ

माझे माहेर मालवण तालुक्यातले आणि लग्नानंतरची बावीस वर्षे सोलापुरात गेली, तेव्हा दोन्हीकडचे थोडे कळते असे समजून सविस्तर लिहिते.

सोलापूरचा माणूस सहल आखताना ठिकाणांची यादी करतो, कारण आपल्याकडचे ठिकाण सकाळी पाहिले काय आणि संध्याकाळी पाहिले काय, ते जागेवरच असते. समुद्राचे तसे नाही. जी वाळू दुपारी चालायला मिळते ती सकाळी पाण्याखाली असते. म्हणून कोकणातला माणूस आधी पाण्याची वेळ विचारतो आणि मग काम ठरवतो. ही वेळ काढण्याची आमच्याकडची जुनी रीत अगदी सोपी आहे आणि त्यासाठी घरातले पंचांग पुरते. त्या दिवशीची तिथी तिनाने गुणावी आणि चाराने भागावी. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी असते आणि आणखी सहा तासांनी पुन्हा भरती. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन असे मोजायचे. गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला हा हिशेब पुरेसा आहे.

तुमच्या तिथ्यांना तो लावून पाहा. द्वादशीला बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, म्हणजे नऊ. सकाळी नऊला भरती आणि दुपारी तीनला ओहोटी. त्रयोदशीला पावणेदहा आणि पावणेचार, चतुर्दशीला साडेदहा आणि साडेचार, पौर्णिमेला सव्वाअकरा आणि सव्वापाच. थोडक्यात, तुमच्या चारही दिवसांत सकाळी पाणी चढलेले असेल आणि दुपार कलताना उतरलेले. त्यातही पौर्णिमा जवळ असल्यामुळे ही उधाणाची भरती आहे. अष्टमीच्या सुमाराला जी भांगाची भरती असते तिच्यात पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. उधाणाच्या दिवसांत मात्र ते खूप वर येते आणि तितकेच खोल मागे जाते. म्हणजे ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी जी गंमत आहे, ती तुम्हाला महिन्यातली सर्वांत जास्त पाहायला मिळेल.

याला वाऱ्याची जोड द्यावी. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकलो ते तेथे अंगाला जाणवतात. सकाळी जमिनीकडून वाहणारा मतलई वारा मंद असतो आणि पाणी बहुधा शांत असते. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की लाटा उसळू लागतात. म्हणून होडीची जी काही कामे आहेत, म्हणजे किल्ला, डॉल्फिन आणि खाडीतली फेरी, ती सगळी सकाळी करावीत. भरतीमुळे त्या वेळी होडीही धक्क्याच्या पातळीजवळ येते आणि तुमच्या सासऱ्यांना पाऊल टाकणे सोपे जाते. दुपारी जेवून बंगल्यात विश्रांती घ्यावी आणि साडेतीननंतर उघड्या पडलेल्या वाळूवर नाहीतर खडकांवर चालायला जावे. रोज सकाळी एक आणि दुपारनंतर एक, एवढेच ठेवावे.

ओहोटीला काय पाहावे तेही सांगते. बंगल्यासमोरची ओली वाळू निरखून पाहिली तर बारीक खेकड्यांनी बिळाभोवती वाळूच्या गोळ्यांची जणू रांगोळी घातलेली दिसते; सहा वर्षांच्या मुलाला यात एक तास जातो, आणि भरती आली की ती रांगोळी पुसली जाते व दुसऱ्या दिवशी नवी तयार असते. मालवणच्या रॉक गार्डनला ओहोटीला गेलात तर खडकांच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात छोटे मासे, शंखातले खेकडे आणि समुद्री वनस्पती दिसतात. तेथे रबरी तळाची पादत्राणे घालावीत, कारण शेवाळ फार निसरडे असते. कर्ली नदी समुद्राला मिळते तेथे देवबागच्या टोकाशी वाळूचा जो उंचवटा उघडा पडतो त्यालाच सुनामी बेट म्हणतात. तेही ओहोटीचेच ठिकाण आहे.

आता शेवटचे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे. देवबाग ही एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नदी अशी चिंचोळी पट्टी आहे. तुमची शेवटची रात्र त्रिपुरारी पौर्णिमेची आहे. त्या संध्याकाळी पश्चिमेला समुद्रात सूर्य बुडत असतानाच पूर्वेला कर्ली नदीच्या पलीकडच्या डोंगरांवरून पूर्ण चंद्र वर येतो, आणि ही दोन्ही दृश्ये तेथे काही मिनिटांच्या चालण्यावर आहेत. सासूबाईंसाठी ती संध्याकाळ पूर्ण मोकळी ठेवावी. त्या दिवशी दुपारनंतर गाडीला किल्ली लावू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

माळावरची

कर्लीकाठ ताई, आपले आभार कसे मानावेत हे कळत नाही. पंचांग काढून हिशेब सासूबाईंना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी तो लगेच तोंडपाठ केला. आता एक शंका आहे. सासऱ्यांची सिंधुदुर्ग किल्ला पाहण्याची फार इच्छा आहे, पण त्यांना तो झेपेल का? आणि नळदुर्ग पाहिलेल्या माणसाला तेथे वेगळे काय दिसेल, असे दीर विचारत आहेत.

भुईकोट

तुमच्या दिरांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. किल्ले पाहणे हा माझा तीस वर्षांचा छंद आहे आणि नळदुर्ग मी बारा-पंधरा वेळा पाहिला आहे.

नळदुर्गात बोरी नदीला बांध घालून पाणी किल्ल्याच्या सेवेला आणले आहे. तेथला पाणीमहाल हे त्या काळच्या बांधकामाचे आश्चर्य आहे. सिंधुदुर्गात प्रश्न उलटा होता. चारही बाजूंनी खारे पाणी आणि सतत आदळणाऱ्या लाटा, अशा खडकाळ कुरटे बेटावर तट उभा करायचा होता. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी काम सुरू झाले आणि १६६७ मध्ये पुरे झाले. जमिनीवरचा एखादा वाडा बांधायलाही जेथे वर्षे लागतात, तेथे समुद्रात सुमारे ४८ एकरांचा परिसर वेढणारा तट तीन वर्षांत उभा राहिला, हे तटाखाली उभे राहिल्यावरच मनाला भिडते. पायाचे दगड बसवताना शिसे ओतल्याचे परंपरेने सांगितले जाते. प्रवेशद्वार तटाच्या दोन वळणांमध्ये असे लपवले आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कोठे आहे ते कळत नाही. मुलांना आधी सांगून ठेवावे आणि होडीतून दरवाजा शोधायला लावावे.

आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. सोलापूरच्या माणसाला विहिरीचे मोल सांगावे लागत नाही. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या बेटावर गोडे पाणी लागले म्हणूनच हा किल्ला नांदता राहिला. राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आत आहे, आणि चुन्यात उमटलेले शिवाजी महाराजांच्या हाताचे व पायाचे ठसे घुमट्यांमध्ये जपलेले आहेत. त्या ठशांसमोर मी प्रत्येक वेळी निःशब्द झालो आहे.

आता सासऱ्यांविषयी. मालवणच्या धक्क्यावरून होडीने दहा-पंधरा मिनिटांत पोहोचता येते. होडीत चढताना आणि किल्ल्याच्या पायथ्याशी उतरताना दोन माणसांनी हात द्यावा लागतो, कारण होडी हलत असते. आत मंदिरापर्यंतचा रस्ता बराचसा सपाट आहे, तेव्हा काठी घेऊन आणि सावकाश चालून त्यांना मंदिर आणि विहिरी पाहता येतील. तटावरचे चढणे मात्र त्यांनी सोडावे. होडीवाले साधारण तासाभराने परत बोलावतात. सोबत वृद्ध आहेत हे निघण्यापूर्वीच सांगून थोडा अधिक वेळ ठरवून घ्यावा, नाहीतर परतताना धावपळ होते. शाळांच्या सहली येण्याआधीची सकाळची वेळ उत्तम.

त्यांना होडी नकोशी वाटली, तरी हळहळण्याचे कारण नाही. मालवणच्या किनाऱ्यावरच मोरयाचा धोंडा आहे. गणपती, चंद्र, सूर्य कोरलेला हा खडक असून किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा तेथे झाली असे मानतात. तेथे बसून समोर पूर्ण किल्ला दिसतो.

पिवळी ज्वारी

आम्ही लिंगायत, त्यामुळे मालवणला जेवणाचे काय होणार या काळजीनेच गेलो होतो. काळजी फुकट गेली. घरगुती खानावळीत आदल्या रात्री सांगून ठेवले की काळ्या वाटाण्यांची आमटी, आंबोळ्या, घावन आणि चटणी, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे, भिजवलेल्या काजूंची उसळ, आणि शेवटी सोलकढी असे पोटभर जेवण मिळते. भांडी मासळीची नकोत एवढे मात्र आधीच नम्रपणे सांगावे; त्यांना त्याचा राग येत नाही. आपली शेंगा चटणी आणि कडक भाकरी बरोबर असू द्यावी, पण ती हवाबंद डब्यात ठेवावी. तेथील दमट हवेत कडक भाकरी दुसऱ्या दिवशी मऊ पडते. परतताना मालवणी खाजा आणि कोकम घ्यायला विसरू नये.

हातमाग

सर्वांनी चांगले लिहिले आहे, पण सुनामी बेटाविषयी मला गांभीर्याने काही सांगायचे आहे. आम्ही तेथे गेलो तेव्हा ज्या होडीने गेलो तिच्यात लहान मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे नव्हती. मोठ्यांचीच जाकिटे मुलांना घालून दोरीने आवळली. बेटावर पाणी गुडघाभर होते, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. माझा नऊ वर्षांचा पुतण्या काठापासून चार पावले पुढे गेला आणि नदीच्या ओढीने त्याचे पाय सुटले. ढिले जाकीट वर सरकून तोंडावर आले. शेजारच्या होडीतल्या एका मुलाने उडी मारून त्याला धरले. तो अर्ध्या मिनिटाचा प्रसंग मी आजही विसरू शकत नाही.

आपण सोलापूरकर विहिरीत आणि कालव्यात पोहायला शिकतो, आणि त्या पोहण्याचा भरवसा आपण समुद्रातही धरतो. विहिरीचे पाणी माणसाला ओढून नेत नाही. समुद्राचे आणि मुखाजवळच्या नदीचे पाणी नेते. माझे मत असे आहे की सहा वर्षांच्या मुलाला त्या बेटावर नेऊच नये, आणि स्कूबाही सर्वांनीच टाळावे.

कर्लीकाठ

हातमाग दादा, तुम्ही हे लिहिलेत ते फार बरे केले. पाणी उतरू लागते तेव्हा कर्लीचे पाणी सगळे मिळून मुखातून बाहेर धावते आणि ओढ सर्वाधिक असते, म्हणून ओहोटी पूर्ण होत आली असतानाच तेथे जावे, मुखाच्या बाजूला उतरू नये आणि पाणी पुन्हा भरू लागण्याआधी परतावे. मुलाच्या मापाचे जाकीट नसेल तर होडीत बसूच नये. दुसरी होडी मिळते. समुद्रात कधी ओढीत सापडलेच, तर काठाकडे झगडत पोहू नये. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडावे आणि मग काठाकडे वळावे. रात्री पौर्णिमेचे उधाण असताना, चांदणे कितीही सुंदर असले तरी, कोणीही पाण्यात जाऊ नये.

स्कूबाबाबत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे, आणि म्हणूनच तेथील २९.१२ चौरस किलोमीटर भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. आपल्या राज्याच्या किनाऱ्यावर इतक्या जवळ असे काही पाहायला मिळणे ही साधी गोष्ट नाही. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीत आहे, तेथे चौकशी करून प्रशिक्षकाबरोबरच जावे. घरातल्या धडधाकट मोठ्यांनी जायला हरकत नाही. दमा, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आणि लहान मुलांनी जाऊ नये. पाण्याखाली श्वास रोखून धरायचा नाही, प्रवाळावर पाय ठेवायचा नाही आणि तुकडा तोडून आणायचा नाही. डुबकी आणि परतीचा घाट यांच्यात किमान एक रात्र जाऊ द्यावी, कारण पाण्याखालून आल्यावर लगेच उंचावर जाणे शरीराला चांगले नसते.

कासवाची पिल्ले पाहायला मिळतील का, असे मला एका ताईंनी वेगळे विचारले आहे. ती नोव्हेंबरात दिसत नाहीत. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ती वाळूतून बाहेर पडतात. त्याऐवजी पहाटे किनाऱ्यावर रापण लागलेली दिसली तर मुलांना अवश्य दाखवा. होडीने लांबलचक जाळे समुद्रात अर्धवर्तुळात सोडतात आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून कित्येक माणसे मिळून ओढतात. आलेल्या मासळीत प्रत्येकाचा वाटा असतो. तुम्ही शाकाहारी असलात, तरी इतकी माणसे एका तालात ओढताना पाहण्यासारखी असतात. रात्री जवळच्या गावात जत्रा असेल तर दशावतारी नाटकांची चौकशी करावी. कार्तिकापासून त्यांचा हंगाम सुरू होतो.

चार पुतळे

समुद्रापासून आत एक अर्धा दिवस काढता आला, तर माझी सूचना धामापूरची आहे. मालवण-कुडाळ रस्त्यावर १५३० मध्ये बांधलेला हा तलाव गर्द झाडीत आहे, काठाला भगवतीचे देऊळ आहे, आणि सिंचनाचा जागतिक वारसा म्हणून २०२० मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. सोलापुरातल्या सिद्धेश्वर तलावाच्या आणि हिप्परग्याच्या तलावाच्या काठावर वाढलेल्या माणसाला, दुष्काळाचा जराही वास नसलेल्या प्रदेशातही पूर्वजांनी तलाव का बांधला असेल, हा विचार तेथे हमखास सुचतो. धो धो पडलेला पाऊस तेथे थांबत नाही, उतारावरून वाहून समुद्राला मिळतो. तो अडवल्याशिवाय उन्हाळ्यात शेताला आणि माणसांना पाणी राहत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा पाहता येते. ती जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली आहे. तेरा वर्षांच्या मुलाला हे नक्की आवडेल.

शिरोडा यादीत नाही, पण कधीतरी जावे. मे १९३० मध्ये आपल्या सोलापुरात गोळीबार होऊन मार्शल लॉ लागला, त्याच महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह चालू होता. रोज चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून जाणाऱ्या माणसाला ती पांढरी मिठागरे परकी वाटत नाहीत. या वेळी मात्र वेंगुर्ला, रेडी आणि शिरोडा हा दक्षिणेचा पट्टा पुढच्या सहलीला राखून ठेवावा, असे मीही म्हणेन.

परतीला सावंतवाडीवरून आंबोली घाट चढलात, तर चितारआळीत लाकडी खेळणी घेता येतील आणि मोती तलावाच्या काठी चहा होईल. पुढे आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत कोल्हापूरला लागता येते.

माळावरची

आम्ही परत येऊन चार दिवस झाले. ज्यांनी ज्यांनी लिहिले, त्यांना काय घडले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

द्वादशीला पहाटे चारला निघालो, तरी मिरजेजवळ वाहतूक तुंबली आणि बंगल्यावर पोहोचायला दुपारचे साडेतीन झाले. सामान उतरवण्याआधीच सासूबाई समुद्राकडे चालू लागल्या. पाणी पार मागे गेले होते आणि समोर ओली, सपाट वाळू पसरली होती. त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उजनीचं पाणी वसरायला अख्खा उन्हाळा लागतो. हे एका दुपारीत एवढं गेलं कुठं?" दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन त्या पुन्हा तेथेच गेल्या, तेव्हा आदल्या दिवशी जेथे उभ्या होत्या तेथे कमरेइतके पाणी होते. मग त्यांनी वाळूत एक काठी रोवली आणि धाकट्या नातवाला पाण्यावर लक्ष ठेवायला बसवले. चार दिवस ते दोघे हाच उद्योग करत होते, आणि खेकड्यांच्या रांगोळ्याही त्यांनीच मोजल्या.

त्रयोदशीला सकाळी किल्ला केला. होडीवाल्यांना आधी सांगितले होते, म्हणून त्यांनी आम्हाला दीड तास दिला. दीर आणि होडीवरचा मुलगा यांच्या आधाराने सासरे उतरले, मंदिरापर्यंत चालत गेले, आणि हाताच्या ठशासमोर हात जोडून बराच वेळ उभे राहिले. दरवाजा मोठ्या मुलीने सर्वांत आधी शोधला. साखरबावीचे पाणी काढून आम्ही सगळ्यांनी एकेक ओंजळ घेतली; ते खरोखरच गोड आहे. दिरांनी नळदुर्गाचा विषय नंतर काढला नाही.

चतुर्दशीला सकाळी धामापूर आणि पिंगुळी, दुपारनंतर रॉक गार्डन. सुनामी बेटावर फक्त मोठी माणसे आणि मोठी मुलगी गेली. पहिल्या होडीत तिच्या मापाचे जाकीट नव्हते म्हणून आम्ही दुसऱ्या होडीसाठी अर्धा तास थांबलो. हातमाग दादा, हे तुमच्यामुळे. डॉल्फिन पाहायला गेलो नाही, स्कूबा यजमान आणि दीर यांनी केले, आणि यादीतली बाकीची नावे तशीच राहिली.

पौर्णिमेला दुपारनंतर गाडीला किल्ली लावली नाही. सूर्य समुद्राला टेकला तेव्हा सगळे किनाऱ्यावर होतो. तो बुडताच सासूबाईंना हाताला धरून माडांच्या वाडीतून नदीकडे नेले. तेथे चंद्र डोंगरावर हातभर चढलेला होता आणि त्याचा उजेड पाण्यावर आमच्या पायांपर्यंत आला होता. शेजारच्या घरांपुढे त्रिपुरारी पौर्णिमेच्या पणत्या लावणे चालू होते. शेजारच्या वहिनींनी एक पणती सासूबाईंच्या हाती दिली आणि ती त्यांनी त्यांच्या तुळशीपाशी ठेवली. तेवढ्या वेळात त्या काहीच बोलल्या नाहीत.

आज वद्य पंचमी आहे. सकाळी कॅलेंडरचे पान पाहून त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि मला हाक मारून म्हणाल्या, "पावणेचारला तिकडं पाणी चढलेलं असंल बघ."